उसनं ऊन

निरगुडकर काकांनी आजवर कुणालाही थँक यू म्हटलेलं नाही. माणूस उद्धट आहे असं समजू नका. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत सगळ्यात सभ्य माणूस निवडायचा ठरला तर तेच बिनविरोध येतील. पण थँक यू या शब्दाचा त्यांना राग आहे. त्यांच्या मते ती उधारीची चिठ्ठी. "द्यायला जवळ काही नसलं की लोक थँक यू देतात," ते म्हणतात. "आपला व्यवहार जागच्या जागी."

या जागच्या जागी व्यवहारासाठी ते शर्टाच्या खिशात आवळासुपारीची डबी ठेवतात. लिफ्टचं दार धरा, पडलेली पिशवी उचलून द्या, नुसती वेळ सांगा; तुमच्या तळहातावर आवळासुपारी पडते आणि काका म्हणतात, "फिटलं." आमची ओळखही अशीच झाली. बुटाची नाडी सुटली आहे एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. नको म्हणायची सोय नसते, कारण तुम्ही घेतली नाही तर ते तुमच्या कर्जात राहतात आणि मग तुमच्या मागे मागे फिरतात. गेटवरच्या गार्डला त्यांच्यासाठी इतक्यांदा गेट उघडावं लागतं, की त्याचं पित्त कायमचं गेलं आहे.

काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी दिल्लीत, सगळा संसार आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मूलबाळ झालं नाही. ते आणि शैलाकाकू, दोघंच. आता आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतात. तिसऱ्या मजल्यावर पुढच्या बाजूला आम्ही. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा समीर आणि फ्लॅटची खरी मालकीण, म्हणजे बँक.

त्यात आणखी गंमत अशी, की मी स्वतः बँकेत आहे, गृहकर्ज विभागात. हे कळल्यावर काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही फास विकता." तेव्हापासून गुरुग्रामहून मेट्रोनं रडतखडत परत आले, की गेटापाशी विचारणा ठरलेली. "काय मेधाताई, आज किती माना?" पहिली मान माझीच. फ्लॅट साठीपर्यंत फिटायचा नाही, गाडीचं तेच, फ्रीज म्हातारा झाला पण त्याचे हप्ते अजून तरुण आहेत. रोज सकाळी टाय लावलेल्या पोरांना मी सांगते, "बिल्कुल टेन्शन घेऊ नका, इझी ईएमआय आहे," आणि घरी येऊन टेन्शन घेते. काकांच्या तोंडावर मात्र मी अर्थव्यवस्थेची बाजू लढवायची. सगळेच तुमच्यासारखे वागले तर बँका बंद पडतील, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "बघा, तुम्हालाही उपाय माहीत आहे."

दिल्लीकडे भाजीवाला भाजी तोलून झाली की मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या पिशवीत फुकट टाकतो. हा इथला अलिखित कायदा आहे. बायका सोनं सोडतील, पण धनिया-मिर्च सोडणार नाहीत. काकांना हे मान्य नाही.

"अंकल, धनिया तो साथ में है."

"साथ में क्यों? मैंने माँगा था?"

"सबको देते हैं जी."

"सबका मुझे पता नहीं. इसका दाम बोलो."

त्या गरीब माणसानं फुकटच्या वस्तूची किंमत कधी ठरवलेली नव्हती. मागे रांग वाढली, कुणाची डाळ गॅसवर होती, शेवटी त्यानं वैतागून तोंडाला येईल तो आकडा सांगितला. काकांनी पैसे मोजले आणि शांतपणे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या बायकांचं शिष्टमंडळ माझ्या दारात. आपके मराठी अंकल धनिये का रेट खोल रहे हैं, इनको समझाओ. मी समजवायला गेले, तर वाट्याला एक तुकडा आवळासुपारी आली.

वाटीचं प्रकरण तर वर्षभर चाललं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. मी एका संक्रांतीला वाटीभर गुळाच्या वड्या नेऊन दिल्या. मी तिसऱ्या मजल्यावर पोचून चप्पल काढते न काढते तोच काका स्वतःच्या वाटीत मेतकूट घेऊन दारात. आता ती वाटी त्यांची होती, म्हणून मी चिवडा घालून परत केली. त्यांनी लाडू घातले. मी लोणचं. रविवारी सकाळी बेल वाजली की समीर म्हणायचा, "तुझी वाटी आली यार, दार उघड." अखेर एक दिवस शैलाकाकू एकट्याच वर आल्या. पदराखालून वाटी काढून माझ्या ओट्यावर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "ही लपव. मी ह्यांना सांगते, फुटली. नाहीतर आपण दोघी मरू." आम्ही दोघी ओट्याला टेकून पोट धरून हसलो. काकूंचं हसणं मोठं होतं, भाड्याच्या घरात न मावणारं.

त्यांचं घर भाड्याचं आहे हे आत शिरताच कळायचं. भिंतीवर एक खिळा नाही. दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही हा काकांचा नियम. त्यामुळे कॅलेंडर टेबलावर पडून, घड्याळ ट्रंकेवर, आणि देव खुर्चीवर. चांगली भांडी खोक्यांत बांधलेलीच. सहा महिन्यांत तर आपल्या घरी जायचं, म्हणून खोकी उघडली नव्हती. त्यावर आता धुळीचे थर चढले होते.

आपलं घर म्हणजे हायवेपलीकडच्या एका टॉवरमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. निवृत्तीचा सगळा पैसा काकांनी त्यात घातला होता. आता या गोष्टीत जी चूक झाली ती दुसरा कुणी करू शकला नसता. बाकीच्यांनी बांधकाम होईल तसतसे पैसे द्यायचं ठरवलं. कुणी कर्ज काढलं, कुणी थांबून बघितलं. बिल्डरनं काकांनाही तेच सांगितलं. पण स्लॅब पडायच्या आत पैसे द्यायचे नाहीत म्हणजे मधला सगळा काळ आपण बिल्डरचं देणं लागतो, असा हिशेब काकांनी मांडला. ते त्यांना सहन होईना. पहिली वीट लागायच्या आधी त्यांनी सगळी रक्कम एकरकमी भरून टाकली. बिल्डरनं त्यांना मिठाईचा पुडा दिला, तर त्याच्याही हातावर आवळासुपारी ठेवली.

टॉवरचे सांगाडे उभे राहिले आणि काम थांबलं. आधी म्हणाले प्रदूषणामुळे बंदी आहे, मग म्हणाले पुढच्या दिवाळीला, मग म्हणायलाच कुणी उरलं नाही. बिल्डरच्या ऑफिसात दुसराच कुणी जिम चालवायला लागला. ज्यांनी कर्ज काढलं होतं ते हप्ता आणि भाडं दोन्ही भरत बसले, त्यांची धरणी-मोर्चे सुरू झाले. काकांनाही बोलावलं. सगळ्यात जास्त पैसे यांचेच अडकलेले, यांनी पुढे बसावं. काका गेले नाहीत. मी चिडून विचारलं, "तुमचं घेणं आहे काका, भीक थोडीच मागायची आहे?"

"मला देता येतं, मेधाताई," ते म्हणाले. "मागायचं कधी शिकलोच नाही."

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या माणसानं पाय पोटाशी घेऊन जन्म काढला, आणि कुणीतरी अंथरूणच ओढून नेलं. मला तेव्हापासून बँकेत ती म्हण कुणी उच्चारली की संताप येतो.

ते दोघं मात्र दर रविवारी आपल्या घरी जायचे. एकदा आम्हाला जेवायला बोलावलं. आमच्या गाडीत बसायला काका तयार होईनात, म्हणून चौघं शेअर ऑटोनं गेलो. कठडा नसलेल्या जिन्यानं भिंतीला हात लावत चौथा मजला चढलो. वर नुसती स्लॅब आणि खांब. पण काकूंनी तिथल्याच विटा ओळीनं मांडून खोल्या केल्या होत्या. समीर सरळ चालत पुढे गेला.

"अहो समीर, दारातून या," काकू म्हणाल्या. "ती भिंत आहे."

समीर मागे फिरला आणि दोन विटांच्या मधल्या फटीतून, चप्पल काढून, आत आला. काकूंनी आम्हाला स्वयंपाकघर दाखवलं, गव्हाचा डबा कुठे ठेवायचा ते दाखवलं. मग शेवटच्या टोकाला नेलं, जिथे स्लॅब पुढे आली होती. ही बाल्कनी. दक्षिणेला तोंड, थंडीत दुपारभर ऊन. "खालच्या घरात उन्हाचं दर्शन नाही गं," त्या म्हणाल्या. "इथे मी खुर्ची टाकणार आणि मार्चपर्यंत उठणार नाही." आम्ही तिथेच सतरंजीवर बसून भाकरी-पिठलं खाल्लं. इतकं चांगलं पिठलं मी परत खाल्लेलं नाही, आणि इतकी उदास होऊन कुणाच्या घरून परत आलेली नाही.

मग काकू विसरायला लागल्या. पहिल्यांदा मीठ, मग माणसांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि याला औषध नाही हेही सांगितलं. काकूंच्या डोक्यातून एक एक खोली रिकामी होत गेली. शेवटी उरली ती फक्त एक गोष्ट. ताबा मिळाला का? सकाळी विचारायच्या, जेवताना विचारायच्या. काका म्हणायचे, "मिळेल." मला वाटलं होतं माणूस एखाद्या दिवशी चिडेल. चिडले नाहीत. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचे.

दिल्लीचा हिवाळा म्हणजे काय हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आठवडाभर धुकं, घसा धुरानं भरलेला, भिंतींतून गारठा पाझरतो. दुपारी घटकाभर सूर्य आला की सगळं शहर खुर्च्या घेऊन ऊन खायला बाहेर पडतं. काकूंना ऊन द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका त्यांना पार्कात घेऊन जायचे, पण त्या उठून गेटाबाहेर चालायला लागायच्या. घरी निघाले, म्हणायच्या. दोनदा त्यांना हायवेवरून परत आणलं. मग पार्कात जाणं बंद झालं.

आमच्या बाल्कनीत दुपारभर ऊन असतं आणि आम्ही दोघं ऑफिसात. मी काकांना किल्ली देऊ केली. ते मागे सरकले.

"नको. तुमच्या उन्हाचा तुम्ही हप्ता भरता."

"अहो, ऊन फुकट असतं काका."

"फुकट काही नसतं," ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

या जानेवारीत एका शनिवारी दुपारी बेल वाजली. काका दारात होते. स्वेटरची बटणं चुकीच्या काजात गेलेली, दाढी वाढलेली. जमिनीकडे बघत म्हणाले, "थोडं उसनं हवं होतं."

मी घाबरले. दवाखान्याचं काहीतरी असणार. "किती पाहिजेत?" मी विचारलं. बँकेची सवय.

"बाल्कनी," काका म्हणाले. "आजची दुपार फक्त. आठ दिवस झाले, ती अंथरुणातून उठली नाही."

उसनं हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता, नवे दात बसत नाहीत तसा. मी काही बोलायच्या आत ते खाली गेले आणि काकूंना हाताला धरून घेऊन आले. काकू वाळल्या होत्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. आमच्या हॉलमधून समोर बाल्कनी दिसते, तिथे ऊन पडलं होतं. त्या बघत राहिल्या. मग पदर सारखा केला, उजवं पाऊल आधी आत टाकलं आणि विचारलं, "मिळाला ताबा?"

मी काकांकडे बघितलं. फुकटच्या कोथिंबिरीला हात न लावणारा हा माणूस.

"मिळाला," ते म्हणाले.

"सगळं देऊन झालं ना? कुणाचं काही राहिलं नाही?"

"काही नाही राहिलं. आपलंच आहे."

काकूंनी घर बघायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात शिरून माझे डबे कुणी असे वेडेवाकडे लावले म्हणून बोलल्या आणि दोन डबे हलवलेसुद्धा. पडद्याच्या रंगाला नाक मुरडलं. तो रंग समीरनं आणला होता, त्यामुळे मला बरं वाटलं. मग आम्हा दोघांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"तुम्ही कुठे राहता?" त्यांनी मला विचारलं.

"इथेच, खाली," मी म्हटलं.

"मग येत जा हं. आमचं अजून लागलेलं नाही काही. बसा तरी."

समीर सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखा टेकला. "छान आहे हो फ्लॅट," तो म्हणाला. बावीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याच्याबद्दल मला त्या क्षणी जितकं प्रेम वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं. काकू खुलल्या. "ह्यांनी एकरकमी घेतला," त्या म्हणाल्या. "हप्ताबिप्ता नाही आम्हाला. हे असल्या बाबतीत फार सांभाळून." आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसून, उन्हाकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले. काका शेजारी उभे राहिले. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर बसले नाहीत.

ऊन उतरलं तसे काका म्हणाले, "चल." काकूंनी डोळे उघडले.

"कुठे?"

"खाली."

"घर सोडून खाली कशाला?"

त्यांनी समजावलं, विनवलं. काकूंनी खुर्चीचा दांडा पकडून ठेवला आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या. आत्ता तर मिळालं, आत्ताच का काढता, असं म्हणत राहिल्या. शेवटी काका म्हणाले, "अगं, दूध आणायचं आहे ना. डेअरीतून दूध घेऊ आणि परत येऊ." काकूंनी लगेच डोळे पुसले. घरात दूध नाही म्हटल्यावर त्यांच्या पिढीची बाई बसून राहूच शकत नाही. त्या उठल्या, मला म्हणाल्या, "बसा हं, आलोच आम्ही." आणि गेल्या.

त्यानंतर आम्ही किल्ली काकांकडेच ठेवली, आणि आता त्यांनी नाही म्हटलं नाही. रोज दुपारी काकू आपल्या घरी येतात. त्यांना थोडी भूक लागायला लागली आहे, गालांवर रंग आला आहे. माझे सगळे डबे त्यांच्या मनासारखे लागले आहेत. मला जिरं सापडत नाही. आणि रोज संध्याकाळी दूध आणायला म्हणून दोघं खाली जातात.

परवा मला सुट्टी होती. संध्याकाळी काकू लिफ्टमध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि काका चपला घालायला मागे थांबले. मी म्हटलं, "काका, काकू सुधारल्यात. तुम्ही योग्य केलंत."

त्यांनी मान हलवली. "रात्री झोपत नाही ती. दुधाचं पातेलं मांडीवर घेऊन बसते. दूध आणलं, आता घरी चला म्हणते. सकाळपर्यंत तेच." थोडं थांबून म्हणाले, "आयुष्यात एकदाच उसनं तुमच्याकडून घेतलं, ते मला परत करता येत नाही, आणि सोडताही येत नाही. उन्हात आणलं नाही तर ती जाईल. आणलं तर रोज हे."

"त्यात तुमची काय चूक?"

"बिल्डरनं आम्हाला एकदा घराबाहेर ठेवलं, मेधाताई," काका म्हणाले. "मी तिला रोज काढतो. खोटं बोलून काढतो."

बँकेत माझ्यासमोर रडणाऱ्या माणसांना सांगायची वाक्यं मला पाठ आहेत. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. मी नुसता त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

लिफ्टमधून काकूंनी हाक मारली. "अहो, चला ना. डेअरी बंद होईल, मग घरी यायला उशीर होतो."

"आलो," काका म्हणाले, आणि दूध आणायला गेले.